घड्याळात सगळं हिरवं, मग मी का दमते?

मैत्रिणींनो, गेल्या चार-पाच वर्षांत भाऊबीजेच्या ओवाळणीचं रूप बदललंय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. पूर्वी साडी, नाहीतर पाकीट. आता त्याच्या जोडीला एक छोटा चौकोनी डबा येतो आणि डब्यात काळं घड्याळ. सुरतेला नाहीतर पुण्याला नोकरी करणारा भाऊ हौसेनं सांगतो, "ताई, यात तुझे ठोके दिसतील, ऑक्सिजन दिसेल, किती पावलं चाललीस ते दिसेल. झोपसुद्धा मोजतं हे!" ताईला भरून येतं. आपल्या तब्येतीची कुणाला तरी काळजी आहे, हेच बाईला केवढं असतं!

आमच्या नंदुरबारात सकाळी फिरायला निघणाऱ्या बायकांच्या घोळक्यात आता कितीतरी मनगटांवर ही घड्याळं दिसतात. दीड-दोन हजारांपासून मिळतात, हप्त्यावरही मिळतात. मीही दोन वर्षांपासून एक वापरते आहे. म्हणून म्हटलं, आज त्याचा जमाखर्च मांडावा. हे घड्याळ बाईच्या कामाचं आहे की नाही? माझं मत आधीच सांगून टाकते. कामाचं आहे; पण आपल्या भागातल्या बाईला जे दुखणं सगळ्यात जास्त पोखरतं, ते या घड्याळाला दिसतच नाही. आणि घरातल्यांना बाईपेक्षा घड्याळच खरं वाटायला लागलं, तर ते तिच्याविरुद्ध साक्षही देऊ शकतं.

हे आकडे आपल्या घरात शिरले ते कोरोनाच्या काळात. त्याआधी 'सॅच्युरेशन' हा शब्द आपल्यापैकी किती जणींनी ऐकला होता? २०२१ च्या एप्रिलमध्ये सगळा देश ऑक्सिजनसाठी धावत होता, तेव्हा आपल्या नंदुरबारचं नाव वेगळ्याच कारणानं गाजलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभारायला सुरुवात केली होती, म्हणून आपल्याकडे टंचाई भासली नाही. त्याच वेळी 'ऑक्सिजन नर्स' ही नंदुरबारची पद्धतही राज्यात चर्चेत आली. कोणत्या पेशंटचं सॅच्युरेशन किती, कुणाचा ऑक्सिजन वाढवायचा, कुणाचा कमी करायचा, हे बघायला खास परिचारिका नेमलेली.

मला यातली गोम फार महत्त्वाची वाटते. आकडा दाखवायला बोटाला लावायचं यंत्र होतंच. पण तो आकडा वाचून लगेच हात हलवणारी एक जाणती बाई शेजारी उभी होती, म्हणून त्या आकड्याला अर्थ होता. मनगटावरच्या घड्याळामागे अशी नर्स नसते. तिथं आपणच पेशंट आणि आपणच नर्स. मग निदान हे यंत्र काय बघतं आणि काय बघत नाही, एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं ना?

घड्याळ चालू असताना जरा उलटं करून बघा. मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त हा हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या शिरांत रक्त वाढतं, तेव्हा प्रकाश कमी परततो. या कमी-जास्तीवरून घड्याळ ठोके मोजतं. ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतं. पावलं मोजतं ती हाताच्या हालचालीवरून. आणि झोप? हात किती वेळ निपचित होता आणि ठोके किती मंदावले, यावरून बांधलेला तो अंदाज असतो. रक्ताचा एक थेंबही न घेता एवढं कळतं, हे कौतुकाचंच आहे. पण थेंब न घेता जे कळत नाही, तिथंच आपलं घोडं अडतं.

माझी धाकटी जाऊ शहाद्याला असते. नुकतीच चाळिशी ओलांडलेली, घर आणि शिवणकाम दोन्ही सांभाळणारी. गेल्या वर्षी ती सारखी म्हणायची, "ताई, जिना चढले तरी धाप लागते. दुपारी मशीनवर बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते." तिच्या मनगटावर मुलानं दिलेलं घड्याळ. भाऊजी बघायचे आणि म्हणायचे, "ऑक्सिजन ९८! तुला काय धाड भरलीय?" मुलगा म्हणायचा, "आई, सगळं ग्रीन दाखवतंय." म्हाताऱ्या सासूबाई तेवढ्या कौतुकानं विचारायच्या, "काय सांगस वं तुनं घड्याय?" हळूहळू जाऊसुद्धा म्हणायला लागली, माझ्या मनाचेच खेळ असतील.

मी तिच्या फोनमध्ये ठोक्यांचा चार महिन्यांचा आलेख उघडला. स्वस्थ बसलेली असतानाचे ठोके आधी पंच्याहत्तरच्या आसपास होते, ते चढत चढत पंच्याण्णवपर्यंत गेले होते. तो आलेख घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो पाहिला, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.२! बाईचं निदान १२ तरी हवं. वर्षभर पाळीत जास्त रक्त जात होतं आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण बायका दुखणं अंगावर काढतो, त्यातलाच प्रकार. पाळीवर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन-चार महिन्यांत ती पुन्हा जिना चढायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, ऑक्सिजन ९८ होता मग रक्त कमी कसं? सोपं आहे. समजा, बाजार समितीत मिरचीच्या शंभर गाड्या यायला हव्यात आणि आल्या फक्त पासष्ट. पण आलेली प्रत्येक गाडी काठोकाठ भरलेली आहे. घड्याळ एवढंच विचारतं, 'गाडी भरलेली आहे का?' उत्तर येतं, 'हो, ९८ टक्के.' मुळात गाड्या किती आल्या, हे ते विचारतच नाही. हिमोग्लोबिन म्हणजे या गाड्या. गाड्या कमी पडल्या की हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून ठोके वाढतात. म्हणजे बघा, एकाच घड्याळातला एक आकडा घरच्यांना सांगत होता की हिला काही झालेलं नाही, आणि दुसरा आकडा ओरडून सांगत होता की काहीतरी बिनसलंय. हिरवा रंग दिसला की आपण पुढचं पान उघडतच नाही.

माझ्या जावेची ही गोष्ट एकटीची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे चार जणी गप्पा मारत बसल्या असतील, तर त्यांतल्या दोघींचं रक्त कमी! शिवाय आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचं दुखणं आहे, भिल्ल आणि पावरा समाजात विशेष. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे-हाडं असह्य दुखतात, रक्त कमी होतं. हा आजार आई-बापांकडून येतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळायला हवं की नको? सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं. पहिल्या तपासणीला रक्ताचे एक-दोन थेंब पुरतात. पण ते थेंब द्यायला सुई लागते. जगातल्या कुठल्याच मनगटी घड्याळाला सिकलसेल ओळखता येत नाही.

रक्तदाब आणि साखरेचं काय? स्वस्त घड्याळांत बीपीचा आकडा झटकन येतो. दंडाला पट्टा नाही, हवा भरणं नाही, मग हा आकडा येतो कुठून? ठोक्यांच्या लाटेवरून काढलेला तो अंदाज असतो. महागड्या घड्याळांचा सावधपणा बघा. ॲपल कंपनीनं २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उच्च रक्तदाबाची सूचना देणारी सोय आणली, तीसुद्धा आकडा देत नाही. 'शक्यता दिसते, सात दिवस पट्ट्याच्या मशीनवर मोजा आणि डॉक्टरांना दाखवा' एवढंच सांगते. सॅमसंगचं घड्याळ बीपी दाखवतं, पण दर चार आठवड्यांनी ते पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. साखरेच्या बाबतीत तर अमेरिकेच्या एफडीए या सरकारी खात्यानं २०२४ च्या फेब्रुवारीत स्पष्ट इशारा दिला, की सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनचा डोस घेतला तर जिवाशी खेळ! अमेरिकेत हे सांगावं लागलं, मग आपल्या आठवडी बाजारात 'शुगरवालं घड्याळ' मागणाऱ्या काकूंना कुणी सांगायचं?

आणखी एक गोष्ट मला खटकते. ही यंत्रं बनवताना डोळ्यांपुढे कुणाचा हात असतो? आपल्या मनगटात बांगड्या असतात. घड्याळ बांगड्यांच्या वर सरकवलं की सैल होतं आणि सैल घड्याळाचे ठोके चुकतात. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांच्या मनगटावर गोंदण आहे. गोंदणाच्या गडद शाईनं प्रकाश अडतो आणि मोजणी फसू शकते, हे ॲपलनं स्वतःच्या माहितीत लिहून ठेवलंय. रंगाचंही तसंच. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. दवाखान्यातल्या बोटाच्या ऑक्सिमीटरनं ऑक्सिजन ठीक दाखवला आणि प्रत्यक्षात तो धोक्याइतका कमी होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं होतं. दवाखान्यातल्या यंत्राची ही गत, तर दीड हजाराच्या घड्याळाचं काय? आपल्या जिल्ह्याला तर याचा अनुभव जुना आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आपल्याला केवढा अभिमान! पण कष्टानं बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हेही आपण बघत आलोय. यंत्र चुकतं तेव्हा लोक यंत्राला बोल लावत नाहीत, 'आजी, बोट नीट ठेवा' म्हणतात.

पावलांची गंमत तर विचारूच नका! माझं घड्याळ भाकऱ्या थापताना पावलं मोजतं. आणि डोक्यावरचा हंडा हातानं धरून चाललं, तर हात हलत नाही म्हणून पावलं गाळतं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर दिवसभर बसून देठं खुडणाऱ्या बायकांच्या हाताची आग होते, पाठ धरते. त्यांच्या हातात हे घड्याळ बांधलं, तर ते 'खूप वेळ बसलात, आता उठा' म्हणेल! चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० मध्ये नर्मदेच्या पाण्यातून स्वतः नाव वल्हवत १८ किलोमीटर जात होत्या, गरोदर बायका आणि बाळांना तपासायला. त्या दिवसाच्या खात्यावर पावलं किती पडली असती? घड्याळ व्यायाम मोजतं. बाईचे कष्ट मोजणं त्याला शिकवलेलंच नाही. आणि दहा हजार पावलांचा तो धाक! हा आकडा गाजला तो १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या एका यंत्रामुळे. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे फारसा जादा फायदा दिसला नाही. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री अंगणात येरझाऱ्या घालायची गरज नाही, बरं का!

एवढं सगळं बोलले म्हणून घड्याळ अडगळीत टाका, असं मी म्हणत नाही. जमेची बाजूही भक्कम आहे. स्वस्थ बसल्यावरचे ठोके ते बऱ्यापैकी बरोबर मोजतं, आणि आठवड्यांचा आलेख डॉक्टरांच्या कामी येतो. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा जो आजार लकव्याला आमंत्रण देतो, त्याचा सुगावाही चांगल्या घड्याळाला लागू शकतो. २०१९ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोकांनी ॲपलचं घड्याळ वापरलं. दोनशे जणांत साधारण एकालाच सूचना आली. त्यांपैकी ज्यांनी पुढे ईसीजीचा पॅच लावून तपासणी केली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत हा आजार सापडला. म्हणजे सूचना आली तर घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. एकट्या राहणाऱ्या आईसाठी पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ खरोखर आधार आहे. पण बहुतेक घड्याळांना त्यासाठी जवळ फोन लागतो आणि फोनला रेंज. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पेशंटला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, तिथं आधी रस्ता आणि रेंज हवी, घड्याळाचं नंतर बघू.

झोपेचा आकडा मात्र मला मनापासून आवडतो. 'रोज पाच तासच झोपते' असं बाईनं सांगितलं तर कुणी ऐकत नाही. तेच घड्याळानं महिनाभर लाल रंगात दाखवलं की घरात जरा शांतता पसरते. ती संधी साधा! रात्रीची भांडी कोण घासेल आणि पहाटे पाणी आल्यावर कोण उठेल, हा विषय तेव्हाच काढायचा.

एक सावधगिरीची सूचना. यात पाळीच्या तारखाही नोंदवता येतात. सोय चांगली आहे, माझ्या जावेसारखीला तर फारच. पण ती माहिती कंपनीकडे जाते, आणि फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर असला तर त्यांनाही दिसते. माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झालाय, तरी आपल्या तारखा कुणाला दिसाव्यात हे आधी आपण ठरवावं. साधी कॅलेंडरवरची खूणही तेच काम करते.

तर मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच. हिरव्या आकड्याला 'सगळं ठीक आहे' असं समजू नका, आणि तुमचं दुखणं खोटं पाडायला तर तो कुणाला वापरू देऊ नका. धाप, चक्कर, न जाणारा थकवा, छातीत दुखणं हे अंगाचं बोलणं आहे, ते घड्याळाच्या आधी ऐकायचं. रक्त, बीपी, साखर आणि आपल्या भागात सिकलसेल, या चार तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात, आशाताईंना विचारलं तरी वाट दाखवतील. लोहाच्या गोळ्याही तिथं मिळतात. पण आधी तपासणी, मग गोळ्या, कारण सिकलसेलवाल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या असतात. बीपीचा त्रास घरात असेल, तर साधारण घड्याळाच्याच किमतीत दंडाला बांधायचं डिजिटल मशीन येतं. घरातल्या चार माणसांना ते पुरतं.

पुढच्या आठवड्यातली एक सकाळ आत्ताच ठरवून टाका. शेजारणीलाही सोबत घ्या. तपासणीचा कागद हातात आला, की मग घड्याळ घ्यायचं की नाही ते निवांत ठरवा. दुकानं काही पळून जात नाहीत!